एकावर एक वॉशिंग मशीन आणि ड्रायर घेताना आधी ड्रायर ठरवा

तुम्ही लिहिलंय की घरात सहा माणसं, त्यात दोन शाळकरी मुलं. दिवसभर घरी कोणी नसतं, कपडे संध्याकाळनंतरच धुवायला पडतात आणि जागा आहे फक्त एका मशीनपुरती. म्हणून खाली वॉशिंग मशीन आणि वर ड्रायर अशी जोडी घ्यायची आहे, तर कुठली घ्यावी?

मी ही मशीन बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही. आज सांगितलेलं मॉडेल वर्षभरात बंद झालेलं असतं. निवडायचं कसं ते मात्र सांगतो.

बहुतेक लोक आधी वॉशिंग मशीन पसंत करतात आणि मग त्याच्यावर मावेल तो ड्रायर उचलतात. माझ्या मते क्रम उलटा हवा, कारण जास्त माणसांच्या घरात काम तुंबतं ते ड्रायरपाशी. सुती कपड्यांचं एक धुणं दीड तासात उरकतं असं धरू. तेच कपडे हीट पंपच्या ड्रायरमध्ये पूर्ण वाळायला अडीच ते तीन तास घेतात. संध्याकाळी सातला पहिलं धुणं लावलंत तर साडेआठला ते वर जाईल आणि अकराच्या सुमाराला वाळून निघेल. दुसरं धुणं दहालाच तयार होऊन ओलंच पडून राहील. तिसऱ्याचा तर विचारच नको. वॉशिंग मशीन कितीही झटपट धुणारं घ्या, या हिशोबात फरक पडत नाही.

ड्रायरचे मुख्य प्रकार तीन. व्हेंटेड ड्रायर गरम दमट हवा पाइपमधून घराबाहेर टाकतो. कंडेन्सर ड्रायर त्याच हवेतलं पाणी गार करून टाकीत जमवतो. हीट पंपवालाही पाणी टाकीतच जमवतो, पण तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो. त्यामुळे त्याला साध्या कंडेन्सरच्या निम्म्याहून कमी वीज पुरते, आणि तो कमी तापमानावर चालतो म्हणून कपडेही जास्त टिकतात. त्याची किंमत आपण वेळेत मोजतो. व्हेंटेड तेवढंच काम साधारण पावणेदोन-दोन तासांत करतो.

आता तुमच्या घरी धुणं कसं पडतं ते बघा. रोज एक किंवा फार तर दोन धुणी असतील, तर डोळे झाकून हीट पंप घ्या. रात्री लावून झोपलात तरी सकाळी कपडे तयार. आठवडाभराचे कपडे साठवून सुट्टीच्या दिवशी चार-पाच धुणी काढायची सवय असेल आणि जागा बाहेरच्या भिंतीला लागून असेल, तरच व्हेंटेडचा विचार करा. त्याचा पाइप साधारण दहा सेंटिमीटर व्यासाचा असतो. तो धातूचा, आखूड आणि शक्य तितका सरळ हवा. प्रत्येक वळणाला हवेचा जोर कमी होतो आणि कपड्यांचा बारीक भुसा साचत जातो. हा भुसा पेट घेतो, म्हणून पाइप वेळोवेळी साफ करायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊच नका. साध्या कंडेन्सरची शिफारस मी आता सहसा करत नाही. वीज भरपूर खातो आणि लहान खोलीत घाम फोडतो.

ड्रायर ठरला की खालच्या मशीनकडे या. तिथे मी जाहिरातीतल्या वाफ-बिफच्या प्रोग्रॅमांपेक्षा आधी स्पिनचा वेग बघतो. मिनिटाला 1000 फेऱ्यांवर पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साठेक टक्के पाणी उरतं; 1400 फेऱ्यांवर ते पन्नास टक्क्यांच्या आसपास येतं. आठ किलोच्या धुण्यात हा फरक पाऊण लिटरचा झाला. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.63 युनिट वीज लागते, म्हणजे साध्या ड्रायरमध्ये दर धुण्यामागे जवळपास अर्धं युनिट आणि पंधरा-वीस मिनिटं वाचली. पिळून पाणी काढणं तापवून काढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. 1400 पुरे. त्यापुढच्या वेगाला कपडे जास्त चुरगळतात, फायदा मात्र थोडाच.

क्षमता दोन्हींची सारखी हवी: नऊ किलोचं मशीन तर नऊ किलोचा ड्रायर. किलो लिहिलेले असतात ते कोरड्या सुती कपड्यांचे. सिंथेटिक कपडे निम्मेच टाकायचे, नाहीतर बाहेर बोळेच निघतात. सहा माणसांना आठ-नऊ किलो ठीक आहे. चादरी, दुलया घरीच धुणार असाल तर दहा.

एकाच ड्रममध्ये धुणारं आणि वाळवणारं मशीन कोणी सुचवेल, कारण त्याला जागा आणखी कमी लागते. पण ते धुतं आठ किलो आणि एका वेळी वाळवतं पाच किंवा त्याच्या आसपास. शिवाय ते वाळवत असताना पुढचं धुणं लावता येत नाही. तुमच्या घराला ते चालणार नाही.

मापं घेताना सगळ्यात जास्त घोळ होतो. नेहमीचं मशीन 60 सेंटिमीटर रुंद आणि 85 उंच असतं. दोन्ही मिळून 170, मध्ये ओढून काढायची फळी असलेलं स्टॅकिंग किट (दोन्ही मशीन एकमेकांवर पक्की बसवणारी चौकट) घेतलंत तर आणखी काही सेंटिमीटर. मशीन पुढून मागे किती खोल आहे, त्याच्या छापील आकड्यावर जाऊ नका. मागच्या पाइपांसाठी आणि वायरसाठी पाच ते दहा सेंटिमीटर सोडावेच लागतात. खालचं मशीन फ्रंट लोडच हवं, हे उघड आहे. दोन्ही एकाच कंपनीची आणि किट त्याच जोडीसाठी बनवलेलं असं घ्या. 45 सेंटिमीटर खोलीच्या बारक्या मशीनवर 60 खोलीचा ड्रायर ठेवला की त्याचे पाय हवेत येतात. तो पट्ट्यांनी बांधून देणारेही भेटतील. त्यांना नको म्हणा. आणि वॉशिंग मशीन वर, ड्रायर खाली असा उलटा प्रकार तर कधीच नाही. वॉशिंग मशीनमध्ये सिमेंटची वजनं असतात आणि स्पिनला ते थरथरतं, त्याची जागा जमिनीवरच.

यात हमखास सुटतो तो उंचीचा प्रश्न. वरच्या ड्रायरची बटणं 160 सेंटिमीटरच्या आसपास येतात, आणि बऱ्याच ड्रायरमध्ये पाण्याची टाकीही तिथेच असते. चार-पाच लिटरची भरलेली टाकी डोक्याच्या वर हात करून काढायची म्हणजे एक ना एक दिवस अंगावर पाणी. घरात ठेंगणं किंवा वयस्कर माणूस असेल तर हे आधी बघा. उपाय सोपा आहे: ड्रायरचं पाणी नळीने थेट मोरीच्या पाइपात सोडायची सोय असलेलं मॉडेल घ्या, मग टाकीला हात लावायची वेळच येत नाही. बटणांपर्यंत हात पोचत नसेल तर दोन्ही एकाच सांगाड्यात असलेली अखंड जोडी मिळते, तिची बटणं मध्यभागी असतात. मला मात्र ती फारशी आवडत नाही. त्यातलं एक कायमचं बिघडलं की दुसरं धडधाकट असूनही टाकावं लागतं.

लिंट फिल्टर, म्हणजे कपड्यांचा भुसा अडवणारी जाळी, दर वेळी साफ करावा लागतो, यात सूट नाही. ठरावीक वेळ लावून चालणाऱ्या ड्रायरपेक्षा ओलावा ओळखून आपोआप थांबणारा घ्या. सॉफ्टनर फार वापरलात तर त्या सेन्सरवर थर बसतो आणि ड्रायर ओल्या कपड्यांवरच थांबतो. मला येणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी ओल्या फडक्याने पुसून मिटतात.

वीज आणि पाणी यांचं काम मशीन यायच्या आधी करून घ्या. दोघांना वेगळे 16 अँपिअरचे सॉकेट हवेत, एक्स्टेन्शन बोर्ड नको. खालचा हीटरच दोनेक हजार वॉट ओढतो. सॉकेट आणि पाण्याचा नळ मशीनच्या मागे नको, बाजूला घ्या. मागे असेल आणि पाइप गळला, तर नळ बंद करायला आधी सव्वाशे किलोच्या आसपासचा मनोरा ओढावा लागतो. खालच्या मशीनच्या बऱ्याच दुरुस्त्यांसाठी ड्रायर उतरवावाच लागतो, त्यालाही दोन माणसं लागतात. म्हणून शेजारी थोडी मोकळी जागा असलेली बरी. कपाटात बसवणार असाल तर दारांना जाळी हवी. कोंडलेल्या हवेत हीट पंपही रखडतो. दोन्ही दारं एकाच बाजूला उघडतील असं बघा. ड्रायरचं दार बहुधा उलटं बसवता येतं, वॉशिंग मशीनचं सहसा नाही.

बसवायला माणूस येईल तेव्हा ड्रायर लगेच वर चढवू देऊ नका. आधी खालच्या मशीनचे वाहतुकीचे बोल्ट (प्रवासात ड्रम हलू नये म्हणून लावलेले) मागून काढले आहेत ना ते स्वतः बघा. पाणसळ ठेवून चारही पाय समपातळीत आणायला लावा, मग थोडे कपडे घालून पूर्ण वेगाचं स्पिन चालवा. मशीन जागचं हललं तर पाय पुन्हा जुळवायला सांगा. हललं नाही, तरच ड्रायर वर जाऊ द्या.