पिकअपमधून कुत्रं न्यायचंय? आधी एवढं करा

पिल्लाला पिकअपमधून पहिल्याच खेपेला तासगावहून थेट महाबळेश्वरला न्यायचं म्हणता? दादा, तो बेत पुढे ढकला. आधी चार दिवस उभ्या गाडीत बसवून खाऊ द्या, मग शिवेपर्यंत चक्कर, मग विटा गावापर्यंत. नुसतं डॉक्टरकडेच गाडीतून नेलं, तर गाडी म्हणजे डॉक्टरची सुई, हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं की निघत नाही.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- मागच्या हौद्यात मोकळं सोडणं. गळपट्ट्याला साखळी बांधणं तर त्याहून वाईट, उडी मारली की फासच. केबिनमध्ये घ्या, हार्नेस (छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा) घाला आणि तो सीटबेल्टला अडकवा.
- बंद गाडीत ठेवून चहाला जाणं. उन्हात 10 मिनिटांत आतलं तापमान साधारण 10 अंशांनी चढतं, काच बोटभर उघडी ठेवूनही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. वाटेत उंब्रजला थांबलात तर एकाने त्याच्याजवळ राहायचं. मी एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचलाच निघतो.
- भरल्या पोटी घाट. माझ्या कारवानी कुत्र्याने पसरणी घाटाच्या तिसऱ्या वळणावर दूध-भाकरी माझ्याच मांडीवर काढली होती! निघण्याआधी 3-4 तास जेवण नको, पाणी मात्र दर थांब्याला.

आणि हो, डॅशबोर्डवरची बेदाण्याची पिशवी उचला. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

रेबीज लसीचं कार्ड सोबत घ्या. उलटीची गोळी मनाने देऊ नका. पिल्लू किती महिन्यांचं आहे, तेवढं कळवा.