नामंजूर बिलांच्या मागे

ठाण्याच्या खोपट स्टँडवर पहाटेच्या एसटीतून उतरून अविनाश लेखनाची तक्रार घेऊन थेट माझ्याकडे आला होता, पाठीवर सॅक आणि बुटांवर वाळका चिखल. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय चव्वेचाळीस, घर नौपाड्यात, ऑफिस महापे एमआयडीसीत. पण ऑफिस नावालाच. वर्षातले सहा-सात महिने तो वजनकाटे दुरुस्त करत साखर कारखान्यांवर फिरायचा.

"मॅडम, मला काही सुचत नाही. हे डिप्रेशन तर नाही ना?"

कॉलेजपासून कथा लिहिणारा माणूस. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात (1893 पासूनचं आहे ते) त्याचे किती तरी रविवार गेलेले. दिवाळी अंकांत चार कथा छापून आल्या, मग फिरतीची नोकरी लागली आणि लेखन आटलं. सगळं खापर त्याने फिरतीवर फोडलं होतं.

हा प्रश्न माझ्याकडे बरेचदा येतो, म्हणून आधी नेहमीचं तपासून घेतलं. सलग दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहतं का, आवडीच्या गोष्टीही नकोशा होतात का, झोप-भूक बिघडली आहे का, जगणं नकोसं वाटतं का. असं असेल तर कथेचं नंतर बघू, आधी मानसोपचारतज्ज्ञ. अविनाशचं तसं नव्हतं. घरी असला की मुलीबरोबर रोज रात्री कॅरम चालायचा, आणि डब्यातल्या भरल्या वांग्याचं वर्णन त्याने माझ्यासमोर पाच मिनिटं केलं. न सुचणाऱ्या माणसाचं नव्हतं ते वर्णन.

मी त्याला एवढंच सांगितलं, की जी बिलं कंपनी पास करत नाही ती फेकू नका. चहा, वडापाव, लॉजवाल्याने जास्तीच्या चादरीचे लावलेले पैसे. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने एक ओळ लिहायची: टूर रिपोर्टमध्ये जे लिहिता आलं नाही ते. सुंदर नको, खरं हवं. (1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनातलं लिहायला लावलं होतं. पण ते मन मोकळं करण्यासाठीचं लेखन. अविनाशला मोकळं व्हायचं नव्हतं, त्याला सामान गोळा करायचं होतं.)

तीन आठवड्यांनी त्याने टेबलावर सतरा चिटोऱ्या पसरल्या. काहींवरची छपाई उडत चालली होती, मागची पेन्सिल मात्र स्पष्ट. बहुतेक ओळी ठीकठाक. एक चिटोरी त्याने बोटाने बाजूला सारली.

"ही राहू द्या. यात काही नाही."

असं कुणी म्हणालं की मी तिथेच थांबते. त्यावर दोनच शब्द होते: अर्धा कोयता.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल (आगाऊ रक्कम) तशीच दिली जाते, हिशेबही तसाच. जोडीतला एकच असला तर अर्धा कोयता. जानेवारीतल्या एका रात्री अविनाश काट्याच्या केबिनमध्ये लोड सेलची (वजन टिपणाऱ्या सेन्सरची) वायर तपासत बसला होता. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. एक बाई वजनपावती बघायला खिडकीशी आली. मागून मुकादम काटा क्लार्कला म्हणाला, "हिचा मालक गेला दिवाळीत. आता अर्धा कोयता धरायचा." ती म्हणाली, "पोरगं हाय की संगं." पोरगं ट्रॉलीतल्या उसावर झोपलेलं होतं. दहा वर्षांचं असेल.

"मग तुम्ही?"

"मी इंडिकेटरकडे बघत होतो. आकडा केव्हाच स्थिर झाला होता, मॅडम. तरी बघतच राहिलो."

खाली तलावपाळीच्या बाजूने रिक्षांचे हॉर्न चालू होते. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या कथांमधला माणूस असा नसतो."

त्याच्या जुन्या कथा मी मागवून वाचल्या होत्या. चारही कथांत निवेदक शहाणा, नेमक्या वेळी नेमकं बोलणारा. प्रवासात भेटणारा अविनाश तसा नव्हता. तो थकलेला, घाबरलेला, कधी चक्क तोंड फिरवणारा. सुचत होतं त्याला. जे सुचत होतं ते त्याला शोभत नव्हतं, म्हणून तो ते काही नाही या खात्यात टाकत होता. लेखनाची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निदान निम्म्यांचं दुखणं मला हेच वाटतं. फिरती उगाच बदनाम.

पुढची शंका त्याने स्वतःच काढली: त्या बाईचं दुःख आपण आपल्या कथेसाठी उचलायचं का? मला ही शंका आवडली. गाव, कारखाना, पोराचं वय असं ओळख पटेल ते सगळं बदलता येतं, असं मी म्हटलं. पण तिच्या मनातलं तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा तिच्या तोंडून बोलू नका. केबिनमध्ये बसलेल्या माणसाचं मात्र तुम्हाला सगळं ठाऊक आहे.

कथा अजून झालेली नाही. आठ पानांवर अडली आहे, बाई खिडकीशी येते तिथे. परवा त्याने विचारलं, "त्याने मान वर करावी का?"

"कथेत की केबिनमध्ये?"

तो हसला नाही. सॅकमधून वडापावची एक चिटोरी काढली, मागे काहीतरी लिहिलं आणि मला न दाखवता खिशात ठेवली. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होईल तेव्हा त्याच कारखान्याची व्हिजिट मागून घेतली आहे, एवढं जाता जाता सांगितलं.