मेकॅनिकल सोडायची घाई करू नकोस

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंत्र कधी बिघडणार हे आता सॉफ्टवेअरच सांगतं, तेव्हा ब्रँच सोडून डेटा सायन्सकडे वळ, असं मित्र म्हणतात. मला प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्समध्ये, म्हणजे बिघाड आधीच ओळखून दुरुस्ती करण्यात, काम करायचंय. काय करू?

उत्तर : ब्रँच सोडू नकोस. या कामात मेकॅनिकल हीच तुझी जमेची बाजू आहे.

एक मोटर घे, 1500 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 1500 फेरे, सेकंदाला 25. तिच्या कंपनांच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे सेकंदाला किती वेळा होणारं कंपन किती जोराचं आहे हे दाखवणाऱ्या आलेखात, 25 हर्ट्झला (सेकंदाला 25 वेळा) उंच शिखर दिसलं, तर पहिला संशय असंतुलनाचा. 50 ला दिसलं, तर कपलिंगची (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाची) अलाइनमेंट, म्हणजे शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते तपासायचं. आणि 90 च्या जरा अलीकडे, कुठल्याच पूर्ण पटीत न बसणारं शिखर आलं तर? मोटरमध्ये 6205 या क्रमांकाचं बेअरिंग असेल, तर बाहेरच्या रिंगवरच्या खड्ड्याचा ठोका फेऱ्यांच्या सुमारे 3.58 पट येतो. गुणाकार करून बघ.

सॉफ्टवेअर 'काहीतरी बदललंय' हे लवकर सांगतं, आणि ते मोलाचंच आहे. पण ग्रीस जास्त झालं, बसवताना हातोडा मारला की शाफ्ट वाकलाय, हे शोधलं नाही तर नवं बेअरिंगही त्याच वाटेने जातं. शिवाय मॉडेलला शिकवायला बिघाडाचा डेटाच फार थोडा असतो. लॉगबुकात बहुतेकदा 'बेअरिंग बदलले' एवढीच ओळ!

ठरावीक तासांनी पार्ट बदलून का भागत नाही? नोलन आणि हीप यांच्या 1978 च्या विमान-देखभालीवरच्या अहवालात अवघ्या 11 टक्के भागांचे बिघाड वयाबरोबर वाढताना दिसले. म्हणजे बाकीचे भाग तास मोजून बदलण्यात अर्थ नाही, त्यांची स्थितीच बघत राहावी लागते. हे समजलं की या विषयाचं मर्म कळतं.

आता अभ्यास. व्हायब्रेशनचा विषय मन लावून कर आणि पायथन शीक, निदान एफएफटी (कंपनांच्या नोंदीतून स्पेक्ट्रम काढायचं गणित) स्वतः काढता येईल इतकं. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बेअरिंग डेटा मोफत मिळतो, त्यात हेच 6205 आहे. फक्त वेग वेगळा आहे, आकडे नव्याने काढ. ते दोष मुद्दाम केलेले आहेत, प्रत्यक्षातले इतके स्वच्छ दिसत नाहीत. नोकरी लागल्यावर आयएसओ 18436-2 या कंपन-विश्लेषणाच्या प्रमाणपत्राच्या पहिल्या श्रेणीची परीक्षा दे, तिला अनुभवाची अट असते.

आणि इंटर्नशिप मेंटेनन्स खात्यातच माग. काढलेलं बेअरिंग भंगारात जाण्याआधी मागून घे, सुपरवायझरसमोर कापून उघड, आणि स्पेक्ट्रममधलं ते शिखर रिंगवर नेमकं कुठे आहे ते बोटाने चाचपून बघ.