गुडघे वाकवून चालणाऱ्यांसाठी कोणता ब्रेस?

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) आहे. आधी चवड्यांवर चालायची, म्हणून टाचेची शीर लांब करण्याचं ऑपरेशन झालं. आता टाच टेकते, पण गुडघे वाकलेलेच राहतात. घोट्याला बिजागरी असलेला एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा, गुडघ्याखालचा ब्रेस) दिल्यापासून तर जास्तच. मांडीपर्यंतचा ब्रेस घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात नको. तो जड असतो, आणि गुडघा लॉक केला की पाऊल टाकताना अख्खा पाय बाजूने फिरवून आणावा लागतो. तुम्ही सांगता त्यावरून दोष घोट्याकडे दिसतो. उभं असताना नडगीला पुढे कलू न देण्याचं काम पोटरीचं. शीर लांब केल्यावर पोटरीची ताकद कमी पडू शकते. मग नडगी पुढे झुकते आणि पाठोपाठ गुडघा वाकतो. बिजागरी तर तिला झुकायला आणखी मोकळीक देते.

अशा मुलांना बहुधा फ्लोअर रिअ‍ॅक्शन एएफओ उपयोगी पडतो. त्यात घोटा पक्का, तळ बोटांच्या टोकापर्यंत कडक आणि गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर पुढून प्लॅस्टिकचं कवच. चवड्यावर भार आला की तळ वाकत नाही, कवच नडगीला मागे रेटतं आणि गुडघा सरळ व्हायला मदत होते. घोट्यापाशी प्लॅस्टिक दबत असेल किंवा तिथे पांढऱ्या रेघा उमटल्या असतील, तर ब्रेस पातळ पडला असं समजा.

माप देण्याआधी एक तपासणी चुकवू नका. मुलीला उताणं झोपवून, मांडी पलंगाला टेकलेली ठेवून, गुडघा हाताने किती सरळ होतो ते फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्या. १५ अंशांच्या वर आखडलेला असेल, तर ब्रेस त्याला सरळ करणार नाही. नुसती नडगीची कातडी सोलवटेल. तिथे आधी टप्प्याटप्प्याने प्लास्टर, नाहीतर ऑपरेशन. खुबा आखडला असेल तरी तीच गत. पाऊल फार बाहेर वळलेलं असेल, तर रेटा गुडघ्याच्या दिशेने लागतच नाही. हे बघितल्याशिवाय माप घेतलं जातं, आणि महागाचा ब्रेस कपाटात पडतो.

प्रश्न : नवा ब्रेस काढल्यावर नडगीवर लाल वळ दिसतात. चालेल?

उत्तर : अर्ध्या तासात गेले तर चालेल. त्यानंतरही राहिले किंवा फोड आला, तर वापर थांबवून ऑर्थोटिस्टला (ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा; मऊ अस्तर किंवा कडा घासून काम भागतं. आत बिनशिवणीचा मोजा हवा. सुरुवात दिवसातून तासभरापासून करा. बूट घातल्यावर बाजूने बघा : नडगी साधारण १० ते १२ अंश पुढे कललेली हवी. बूट बदलला की टाचेची उंची बदलते आणि हा कोनही, म्हणून नव्या बुटासकट पुन्हा दाखवा.