विहिरीचा सुरुंग आणि द्रासची रात्र

प्रश्न : माझे यजमान तोफखान्यात हवालदार होते आणि १९९९ च्या युद्धात द्रासला होते. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी पाच एकर शेती नेटाने केली. दोन वर्षांपूर्वी शेती मुलाकडे सोपवली आणि तेव्हापासून ते झोपेत ओरडून उठतात, वरातीला जात नाहीत, रोज दारू घेतात. परवा शेजारच्या विहिरीत सुरुंग उडाला, तेव्हा नातवाला छातीखाली घेऊन ते अंगणात पालथे पडले आणि नंतर लाजेने दोन दिवस नीट जेवले नाहीत. गावातले लोक देवऋषीकडे न्या म्हणतात. डॉक्टरांचे नाव काढले की ‘मी वेडा नाही’ म्हणतात. इतक्या वर्षांनी हे का व्हावे?
— एक वाचक भगिनी, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : ताई, नातवाला छातीखाली घेतल्याचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. गोळा येताना जमिनीला चिकटायचे आणि शेजारच्याला झाकायचे, हे त्यांच्या अंगात इतके मुरले आहे की विचार करण्याआधीच ते घडले. कारगिलच्या त्या उन्हाळ्यात आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि अग्निबाण डागले आणि समोरूनही मारा होतच होता. त्या धडाक्यात आठवडेच्या आठवडे काढलेल्या माणसाचे मन आजही पहाऱ्यावर उभे असेल, तर तो वेडेपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. केवळ पत्रावरून निदान करू नये, परंतु तुम्ही लिहिलेली लक्षणे आघातोत्तर तणाव विकाराकडे, म्हणजेच पीटीएसडीकडे बोट दाखवतात. पहिल्या महायुद्धात असा त्रास झालेल्या कित्येक सैनिकांना भित्रे ठरवले गेले; या विकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात हे नाव मिळायला १९८० साल उजाडले.

इतक्या वर्षांनी का, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पलटणीतली शिस्त आणि नंतर पेरणी, डवरणी, रात्रीची जागली यांनी त्यांचा दिवस भरलेला होता. हात रिकामे झाले आणि इतकी वर्षे दाबून ठेवलेले वर आले. म्हणून वयाचे कारण सांगून त्यांना शेतीपासून दूर ठेवू नका. झेपेल तेवढे काम त्यांच्याकडे राहू द्या.

दारूने झोप लागते, पण ती उत्तररात्री मोडते आणि भीतिदायक स्वप्ने वाढतात. तरीही ती एकाएकी बंद करायला लावू नका, कारण रोज पिणाऱ्याला त्यामुळे झटके येऊ शकतात; ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटावी. या विकारावर उपचार आहेत. आघाताच्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारी समुपदेशनाची पद्धत आहे आणि औषधेही आहेत; ही औषधे लागू पडायला काही आठवडे जातात, म्हणून मधेच सोडू नयेत. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळू शकते. ते दूर पडत असेल तर जिल्हा रुग्णालयात दाखवा. जाताना वेडाचा, मनाचा विषय काढू नका, ‘झोप लागत नाही, ती दाखवू’ एवढेच म्हणा. ते खोटे नाही, आणि झोपेची तक्रार सांगायला सैनिकाला लाज वाटत नाही.

घरात एक पथ्य पाळा. मोठ्या आवाजापेक्षा अचानक आलेला आवाज त्यांना जास्त छळतो. शेजाऱ्याने सुरुंग उडवण्याआधी निरोप द्यावा, मुलाने रानडुकरे हाकलायला फटाका लावण्याआधी त्यांना सांगावे. झोपेत ओरडले तर अंगाला हात लावून उठवू नका. दिवा लावा, दुरून नावाने हाक मारा आणि आपण घरीच आहोत हे सांगा. नातवाला त्या दिवशी खरचटलेसुद्धा नाही, हेही त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

आणखी एक गोष्ट, जी मी आपल्या भागातील प्रत्येक घराला सांगतो. फवारणीचे औषध घरात उघड्यावर ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे असू द्या. परवान्याची बंदूक असेल तर तीही सध्या घरात नको. जगण्यात अर्थ नाही, अशा अर्थाचे ते काही बोलले तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री बोलायचे झाले तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीत, विनामूल्य बोलता येते. तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे, कारण दोन वर्षे तुम्हीही नीट झोपला नसाल.