'पद्मश्री' नावाच्या आधी लावायचं का? आणि 'मिळाली' की 'मिळाला'?

वडसा भागातल्या एका भावानं विचारलंय की मंडईच्या (दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेच्या) नाटकाचं बॅनर छापायचं आहे, पद्मश्री मिळालेले एक ज्येष्ठ कलावंत पाहुणे म्हणून येणार आहेत, तर त्यांच्या नावाआधी 'पद्मश्री' टाकलं तर चालते का, आणि पद्मश्री 'मिळाली' म्हणावं की 'मिळाला'.

आधी बॅनरचं सांगतो. नका टाकू भाऊ. पद्मश्री हा पुरस्कार आहे, किताब नाही. किताब म्हणजे मूळ अरबीतला खिताब, माणसाला ज्या नावानं हाक मारायची ते. इंग्रजांच्या काळात रावबहादूर, रावसाहेब हे असे किताब होते, म्हणून कामठीचे डी. लक्ष्मीनारायण आजही रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण म्हणूनच ओळखले जातात. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम 18 नं सरकारनं असे किताब देणंच बंद केलं, फक्त लष्करी आणि शैक्षणिक पदव्या राहिल्या, म्हणून डॉक्टर, कर्नल नावाआधी लागते. पद्म पुरस्कार 1954 साली सुरू झाले, ते या कलमात बसतात का यावर भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1995 साली कोर्टानं सांगितलं की हे किताब नाहीत, चालू राहू द्या, पण नावाच्या पुढंमागं लावायचे नाहीत. सरकारच्या नियमात तर लेटरहेड, निमंत्रणपत्रिका, पोस्टर, पुस्तक अशी नावं घेऊनच मनाई आहे, आणि गैरवापर झाला तर पुरस्कार जाऊ शकतो तो मानकऱ्याचा, छापणाऱ्याचं काही जात नाही. आपण मानानं करायला जातो अन् त्रास त्या माणसाला, हे मला फार लागते, कारण झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीचं नाव या यादीत यायला 2023 साल उजाडावं लागलं, परशुराम खुणे यांच्या रूपानं.

मग लिहायचं कसं? नाव आधी मोठ्या अक्षरात, त्याखाली 'पद्मश्री पुरस्काराचे मानकरी' किंवा 'पद्मश्री पुरस्कारप्राप्त'. 'पद्मश्री पदवी' मात्र नको, पेपरात कधीमधी येते तरी.

आता मिळाली-मिळाला. श्री हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून पद्मश्री मिळाली. भूषण, विभूषण नपुंसकलिंगी, म्हणून बाबा आमटेंना 1971 ला पद्मश्री मिळाली अन् 1986 ला पद्मविभूषण मिळालं. पुढं 'पुरस्कार' जोडला की क्रियापद त्याच्याप्रमाणं चालते, पद्मश्री पुरस्कार मिळाला, तेही बरोबरच. आणि आपल्याकडं 'पद्मश्री भेटली' म्हणतात त्याला कोणी चूक म्हणत असेल तर ऐकू नका, वस्तू भेटणं हे आपल्या बोलीतलं पक्कं क्रियापद आहे, फक्त बॅनरवर प्रमाण मराठी ठेवायची असेल तर 'मिळाली' लिहा, मंचावर माइक हातात घेऊन बिनधास्त 'भेटली' म्हणा.