रेमंड कार्व्हरची कागदपत्रं जपून ठेवण्यात एवढं काय आहे?

तुमचा प्रश्न असा आहे: रेमंड कार्व्हरच्या सगळ्या कथा छापील पुस्तकांत मिळतात, मग त्याचे खर्डे आणि पत्रं जपणाऱ्या अमेरिकेतल्या संग्रहांना इतकं महत्त्व कशासाठी? अभ्यासकांचं ठीक आहे, पण साध्या वाचकाला त्यातून काय मिळतं?

मी मराठी पुस्तकांच्या संपादनाचं काम करते आणि नात्यातल्या माणसांकडे अमेरिकेला गेले होते तेव्हा यातला एक संग्रह प्रत्यक्ष पाहिला आहे, म्हणून लिहिते. कार्व्हरच्या बाबतीत तर उत्तर अगदी ठोस आहे. त्याच्या नावावर गाजलेल्या कित्येक कथांमधलं कुठलं वाक्य त्याचं आणि कुठलं दुसऱ्याचं, हे त्या कागदांवाचून आपल्याला कधी कळलंच नसतं.

थोडी पार्श्वभूमी. कार्व्हरचा जन्म 1938चा, ऑरेगन राज्यातला. वडील लाकडाच्या गिरणीत कामगार. एकोणिसाव्या वर्षी लग्न, पाठोपाठ दोन मुलं, मिळेल ती नोकरी आणि पुढे दारू. 2 जून 1977 रोजी त्याने दारू सोडली ती कायमची. 2 ऑगस्ट 1988 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा जेमतेम पन्नास वर्षांचा होता. त्याची ख्याती झाली ती कमीत कमी शब्दांत लिहिणारा कथाकार म्हणून: तुटक वाक्यं, भावनेचा उल्लेख नाही, कथा अचानक थांबते. ही ख्याती मुख्यतः एका पुस्तकाने दिली. 1981 साली आलेला ‘व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह’ हा सतरा कथांचा संग्रह. कमी शब्दांत लिहायचं कसं, हे शिकायला पुढचे कितीतरी तरुण लेखक याच पुस्तकाकडे गेले.

आता कागदांकडे येऊ. ते प्रामुख्याने दोन ठिकाणी आहेत. एक, कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात, ग्रंथालयाच्या विल्यम चारवट संग्रहात. तिथे कार्व्हरची हस्तलिखितं आणि टंकलिखितं आहेत. दुसरं ठिकाण म्हणजे इंडियाना विद्यापीठाची ब्लूमिंग्टन इथली लिली लायब्ररी. गंमत अशी की इथले कागद कार्व्हरच्या घरून आलेले नाहीत. ते आहेत त्याचा संपादक गॉर्डन लिश याचे. लिश आधी ‘एस्क्वायर’ मासिकाचा कथा-संपादक होता, नंतर नॉफ या प्रकाशनसंस्थेत गेला. 1971 साली ‘एस्क्वायर’मध्ये कार्व्हरची कथा छापून त्याला मोठ्या वाचकवर्गासमोर आणणारा तोच. 1991 मध्ये त्याने आपली सगळी कागदपत्रं लिली लायब्ररीला विकली आणि कार्व्हरने त्याच्याकडे पाठवलेली मूळ बाडंही त्यांच्याबरोबर तिथे गेली.

या बाडांत काय आहे ते जरा सविस्तर सांगते. कार्व्हरने पाठवलेली टंकलिखित पानं, आणि त्यांच्यावर लिशच्या हाताने चाललेली खोडाखोड. कुठे एक शब्द कापलाय, कुठे अख्खा परिच्छेद, कुठे सलग काही पानं. समासात नवी वाक्यं लिहिलेली, शेवट बदललेले, शीर्षकं बदललेली. माझा हात रोज मुद्रितांवर चालतो, त्यामुळे संपादनाच्या खुणा मला नव्या नाहीत. तरी ती पानं बघून मी सुन्न झाले. 1981 च्या त्या कथासंग्रहातला एकूण निम्म्याहून जास्त मजकूर असा उडवलेला आहे. 1998 मध्ये पत्रकार डी. टी. मॅक्स यांनी हीच पानं पाहून ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये लेख लिहिला, तेव्हा ही गोष्ट जगासमोर आली. कुजबुज आधीपासून होतीच. आता पुरावा मिळाला.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे फरक नीट लक्षात येईल. ‘द बाथ’ ही त्या पुस्तकातली कथा. एक आई स्कॉटी या आपल्या मुलाच्या आठव्या वाढदिवसासाठी बेकरीत केक सांगून येते. वाढदिवसाच्या दिवशीच मुलाला गाडीची धडक बसते, तो रुग्णालयात बेशुद्ध पडून असतो, आणि केक न्यायला कुणी आलं नाही म्हणून बेकरीवाला घरी फोन करत राहतो. आंघोळ करायला म्हणून आई थोडा वेळ घरी येते आणि फोन वाजतो. स्कॉटीबद्दल आहे का, असं ती विचारते. पलीकडचा आवाज म्हणतो, हो, स्कॉटीबद्दलच. कथा तिथेच संपते. फोन रुग्णालयातून आला की बेकरीतून, मुलगा वाचला की गेला, काही कळत नाही. आई-वडिलांची नावंसुद्धा जवळजवळ पुसलेली आहेत. बहुतेक ठिकाणी नुसते ‘आई’ आणि ‘वडील’.

कार्व्हरने दिलेलं बाड वाचलं तर कथा इथे संपतच नाही. तिथे शीर्षक आहे ‘अ स्मॉल, गुड थिंग’. मुलगा जातो. फोन कुणाचे होते हे आईच्या अचानक ध्यानात येतं आणि रात्री नवरा-बायको संतापाने बेकरीत जाऊन थडकतात. काय झालंय ते ऐकून बेकरीवाला हादरतो. दोघांना खुर्च्या देतो, माफी मागतो, भट्टीतून काढलेले गरम पाव पुढे ठेवतो आणि खाऊन घ्या म्हणून आग्रह करतो. मग तो आपल्या एकटेपणाबद्दल, मूलबाळ नसल्याबद्दल बोलत राहतो, ती दोघं ऐकत राहतात आणि उजाडतं तरी उठावंसं कुणाला वाटत नाही. ज्याच्या घरात मृत्यू झालाय त्याला दोन घास खायला लावणं काय असतं, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. हा सगळा भाग लिशच्या कात्रीत गेला. ही कथा 78 टक्के कापली गेली होती.

अशी काटछाट झाल्यावर लेखकाचं काय होतं, तेही याच कागदांत आहे. 8 जुलै 1980 रोजी सकाळी आठ वाजता कार्व्हरने लिशला लिहिलेलं पत्र लिलीत आहे. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. पुस्तकाचं काम थांबव, अशी विनवणी तो करतो. एकीकडे लिशच्या उपकारांची जाणीव, दुसरीकडे मूळ कथा वाचलेल्या मित्रांना आता तोंड कसं दाखवायचं याची धास्ती. दारू सुटून तीनच वर्षं झालेली, या कथा त्या सावरण्याशी जोडलेल्या, आणि पुस्तक असंच निघालं तर आपण पुन्हा कधी लिहू शकणार नाही ही भीती. काही दिवसांतच त्याचा सूर नरमला आणि पुस्तक कापलेल्या रूपातच निघालं. पुढे 1983 च्या ‘कथीड्रल’ या संग्रहात मात्र त्याने लिशला मोठे बदल करू दिले नाहीत आणि ‘अ स्मॉल, गुड थिंग’ मोठ्या रूपात परत आणली. त्याच वर्षी तिला कथांसाठी दिल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या ओ. हेन्री पुरस्कारात पहिलं स्थान मिळालं.

मूळ पुस्तक वाचायला मिळावं यासाठी विल्यम स्टल आणि मॉरीन कॅरोल या दोन अभ्यासकांनी लिलीतल्या पानांवर कित्येक वर्षं काम केलं. खोडलेल्या रेघांखालची टंकलिखित अक्षरं वाचता येत होती, म्हणूनच हे शक्य झालं. कार्व्हरची पत्नी टेस गॅलाघर हिच्या पाठिंब्याने 2009 मध्ये तो संग्रह ‘बिगिनर्स’ नावाने निघाला. याच दोघांना 1999 मध्ये ओहायोच्या चारवट संग्रहात कार्व्हरच्या दोन अप्रकाशित कथाही सापडल्या होत्या. तुम्ही विचारलंत ना, साध्या वाचकाला काय मिळतं? एक अख्खं पुस्तक आणि दोन नव्या कथा मिळाल्या.

हे सगळं वाचून लिशला खलनायक ठरवायचा मोह होतो. मला ते पटत नाही. ‘व्हाय डोन्ट यू डान्स’ या कथेत त्याने फार थोडं कापलंय, आणि कथा त्याने घट्ट झाली आहे. तिथे मी संपादकाच्या बाजूने आहे. ‘द बाथ’सुद्धा भीतीची कथा म्हणून जबरदस्तच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. बेकरीतली ती रात्र हा लेखकाचा जगाकडे बघण्याचा कल होता. पाल्हाळ कापणं संपादकाचं कामच आहे, मीही ते रोज करते. पण दुःखातल्या माणसाला माणूस भेटतो असं ज्याला म्हणायचंय, त्याच्या तोंडी कुणीच भेटत नाही असं घालणं ही माझ्या लेखी हद्द ओलांडणं आहे. आणि असं मी आज ठामपणे म्हणू शकते ते केवळ कथेची दोन्ही रूपं शिल्लक आहेत म्हणून. लिशनेही ते कागद फाडून टाकले नाहीत, जपले, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं.

आपल्याकडे दिवाळी अंकाचं काम उरकलं की मूळ प्रती रद्दीत जातात, आणि आता तर लेखक मेलवर फाइल पाठवतो, संपादक तिच्यावरच बदल करून जुनी पुसून टाकतो. तुम्ही लिहीत असाल किंवा संपादन करत असाल तर मूळ फाइल तारीख घालून वेगळी ठेवा, एवढं मात्र आवर्जून सांगेन.

लिली लायब्ररी बघायची असेल तर विद्यापीठाशी संबंध असायची गरज नाही, ती कुणालाही खुली आहे. आधी नाव नोंदवायचं, यादीत बघून हवे ते कागद अगोदर मागवून ठेवायचे, ओळखपत्र न्यायचं. वाचनकक्षात पिशवी बाहेर ठेवावी लागते आणि लिहायला फक्त पेन्सिल चालते. तिथवर जाणं जमणार नसेल तर ‘बिगिनर्स’ मागवा, शेजारी 1981 चं पुस्तक ठेवा आणि एकेक कथा जोडीने वाचा. आधी छोटी वाचा, मग मोठी. उलट क्रमाने वाचलंत तर छोट्या कथेतल्या गाळलेल्या जागा तुमचं मन आपोआप भरून काढेल आणि 1981 च्या वाचकाने काय वाचलं होतं ते कळणार नाही.